गावात राहून व्यायाम टिकवायचा कसा? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव दर्यापूर-मूर्तिजापूर पट्ट्यातलं, खारपाणाचं. माझं बियाण्या-खताचं दुकान आहे, म्हणजे दिवसभर खुर्ची अन् समोर चहा, वावर आहे पण ते सालदाराच्या भरवशावर. चार वर्षांआधी वजन ९१ किलो होतं, आता ७९-८० च्या मधात फिरते. मी काही ट्रेनर-बिनर नाही. पण पहाटे आम्ही काही जण पांदणीनं चालतो, आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, थोड्या बैठका अन् जोर मारतो, अन् ते पाहून दुकानात येणारा प्रत्येक माणूस बॅग मोटारसायकलवर बांधता बांधता तेच तेच विचारते. म्हटलं एकदाचं लिहूनच टाकतो, आता कोणी विचारलं की हेच व्हॉट्सॲपवर पाठवीन.

दिवसभर वावरात राबतो, मंग अजून वेगळा व्यायाम कायले?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येते.

आधी स्वतःला खरं विचारा की राबतो म्हणजे नेमकं काय करतो. माझे आबा बंडीनं वावरात जायचे, डवरा स्वतः धरायचे, अन् डवऱ्याच्या मागं दिवसभर चालणं म्हणजे किती होत असन ते कोणी कधी मोजलं नाही. आपण काय करतो तं मोटारसायकल धुऱ्यापर्यंत नेतो, निंबाच्या सावलीत उभं राहतो, निंदणाच्या जागी तणनाशक आलं, वखरणीला ट्रॅक्टर आला, सोयाबीन काढायला हार्वेस्टर आलं. वावर आपलं आहे पण अंग हलते ते दुसऱ्याचं. आता ज्यांचं खरंच हलते, म्हणजे निंदण-वेचणीच्या बाया, सालदार, हमाल, त्यांना मी कधीच 'चालायला या' म्हणत नाही, मला लाज वाटते म्हणायला. त्यांना झोप अन् पोटभर नीट खाणं पाहिजे, फार तं कमर मोकळी करायचे दोन-चार प्रकार.

बाकी आपल्यासारख्यांसाठी यात अजून एक गोम आहे. वावरातलं काम एकाच जागी मार देते. पाठीवर १६ लिटरचा पंप घेतला की खांदा अन् कमर, वेचणीला वाकलं की पुन्हा कमर, अन् छातीचा भाता मात्र कधी धड चालत नाही. युरियाची बॅग ५० ची ४५ किलोची झाली पण आमची कमर जेवढी दुखायची तेवढीच दुखते. शिवाय हे काम बारमाही नाही, पेरणीपासून तूर निघेपर्यंत धावपळ अन् मंग उन्हाळाभर पारावर बसून राजकारण.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा अन् किमान दोन दिवस ताकदीचा. मध्यम म्हणजे काय, तं चालता चालता बोलता येते पण भजन म्हणता येत नाही एवढा दम लागला पाहिजे. रोजचे पंचवीस मिनिटं पकडा. एवढाच मामला आहे.

सुरुवातीला लय जोश असते, पंधरा दिवसांत उतरून जाते. काहून होते असं?

कारण आपण पहिल्या पावसावर पेरणी करतो.

कृषी खातं दरवर्षी ओरडून ओरडून सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, ओल खालपर्यंत जाऊ द्या. तरी पहिली सर आली की आपण तिफण काढतो, मंग वीस दिवस पाऊस दडी मारते अन् दुबार पेरणी. माझं दुकान आहे म्हणून सांगतो, दुबारचं बियाणं न्यायला येणाऱ्या माणसाचं तोंड मी दरवर्षी पाहतो. व्यायामाचंही अगदी तसंच आहे. लग्नातल्या फोटोत पोट दिसलं, नाहीतं डॉक्टरनं शुगर सांगितली, की जोश येते अन् त्या एका सरीवर आपण एक तास पळणं, भात बंद, साखर बंद, पहाटे चारला उठणं, सगळं एकाच दिवशी पेरून टाकतो.

माझं सांगतो. तालुक्याच्या जिममध्ये मी एकदा वर्षाचे पैसे एकदम भरले होते, डिस्काउंट भेटत होता म्हणून. गेलो किती दिवस? एकोणीस. जाणं-येणं २८ किलोमीटर, त्यात एसटीचा भरवसा नाही, गाडीनं गेलं तं पेट्रोल, अन् तिथं आरशासमोर वीस-बावीसचे पोट्टे दंड पाहत उभे, त्यांच्यात मी ९१ किलोचा काका. जिमवाल्याची काही चूक नव्हती, चूक माझ्या पेरणीची होती.

तिसऱ्या वेळी जे टिकलं ते जोशानं नाही टिकलं. चुलतभाऊ पहाटे येऊन दाराची कडी वाजवायचा अन् तोपर्यंत वाजवायचा जोपर्यंत माझी माय आतून ओरडत नव्हती, 'उठ रे बाप्पा, मले झोपू दे.' पहिले दोन आठवडे आम्ही फक्त पांदणीच्या पहिल्या पुलापर्यंत जायचो अन् वापस, पंधरा मिनिटं. मला वाटायचं यानं काय होते? काहीच झालं नाही. पण ओल जमली.

२१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात, खरं आहे का?

नाही. हा २१ चा आकडा एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या बोलण्यातून आलेला आहे, त्याचं म्हणणं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, अन् पुढे लोकांनी 'किमान' खाऊन टाकलं अन् सगळ्याच सवयींना तो आकडा लावला.

खरा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली अन् तिच्या सोबत्यांनी केला. ९६ लोक, १२ आठवडे, प्रत्येकानं एक छोटी गोष्ट रोज एकाच प्रसंगाला जोडून करायची. गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण कोणाला १८ दिवस पुरले अन् कोणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. म्हणजे तुमच्या साळ्याला महिन्याभरात सवय लागली अन् तुम्हाला सहा महिने झाले तरी उठायचा कंटाळा येते, तं तुमच्यात खोट नाही. त्यातच अजून एक कामाची गोष्ट दिसली, मधात एखादा दिवस सुटला तरी सवय बनण्यावर खास फरक पडला नाही.

'प्रसंगाला जोडून' हे मात्र नीट वाचा. आमच्याकडे पहाटे पाचला मंदिराच्या भोंग्यावर सामुदायिक ध्यान सुरू होते, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या वेळेपासूनची रीत आहे ही. आम्ही ठरवलं की भोंगा सुरू झाला की चपला नाही, बूट घालायचे. मोबाईलचा अलार्म बंद करता येते, मंदिराचा भोंगा कोण बंद करणार!

चार लोक हसतात राव, लाज वाटते. काय करावं?

हसतात, हाव. मलाही म्हणायचे, 'काय सेठ, कोणाची जमीन मोजून रायले?' उत्तर देऊ नका. गावाची आठवण लय छोटी असते, महिनाभरात कोणाची तरी सोयरीक मोडते नाहीतं बोअर फेल जाते अन् तुम्ही जुने होता.

अन् खरं पाहिलं तं हे शहरातलं फॅड कुठं आहे? अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे अन् तिथल्या लोकांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीत जाऊन आपले खेळ करून दाखवले, त्यात कबड्डीपण होती. वऱ्हाडातल्या माणसाला व्यायामाची लाज वाटणं म्हणजे मासोळीला पाण्याची लाज वाटण्यासारखं आहे. आखाडे होतेच आपल्या गावोगाव, आता त्यांच्या जागी समाजमंदिराची गोडाऊनं झाली.

आम्हा बायांना कुठून वेळ भेटन? अन् रस्त्यानं चालू कशी?

हे मी माझ्या बायकोला अन् वहिनीला विचारून लिहून राहिलो, माझं डोकं नाही यात.

वहिनी म्हणते पहाटे जमतच नाही, पाणी भरणं, डबे, पोरांची शाळा, अन् ज्या टायमाला गावात नळ येते त्याच टायमाला सगळं येते. त्यांचा ग्रुप सांजच्याला जाते, स्वयंपाकाच्या आधी, शाळेच्या मैदानात गोल गोल. रस्त्यानं नाही. मैदानातच का, तं तिथं लाइट आहे, पाच-सहा जणी दिसतात एकमेकींना, अन् पोरं तिथंच खेळतात त्यामुळे 'पोराला घेऊन गेली' एवढं सासूला पुरते. साडीवर बूट घालायची लाज पहिला आठवडा वाटली, मंग एकीनं घातले अन् सगळ्यांनी घातले. वहिनीनं सांगितलेलं एक वाक्य जसंच्या तसं: 'वजनासाठी नाही जात मी, तेवढा अर्धा तास मले कोणी काही मागत नाही म्हणून जातो.' मला वाटते चार वर्षांत टिकून राहायचं यापेक्षा पक्कं कारण मी ऐकलं नाही.

मजुरीला जाणाऱ्या बायांचं वरच सांगितलं. अन् ज्या बायांना लवकर दम लागते, चक्कर येते, नखं पांढरी दिसतात त्यांनी आधी हिमोग्लोबिन तपासावं, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. रक्त कमी असलं तं व्यायामाचा कंटाळा हा आळस नसते.

रोज १० हजार पावलं झालीच पाहिजेत का?

नाही. हा आकडा जपानचा. टोकियो ऑलिम्पिक होऊन गेल्यावर १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नाव मान्पो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. बोलायला बरं वाटलं म्हणून चाललं. नंतर २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क बायांचा अभ्यास झाला, त्यात दिवसाला ४४०० च्या आसपास चालणाऱ्यांना २७०० वाल्यांपेक्षा बराच फायदा दिसला अन् ७५०० च्या पुढे फायदा वाढणं थांबल्यासारखं झालं. त्या बायांचं सरासरी वय ७२ होतं, त्यामुळे पंचविशीच्या पोट्ट्यानं हे वाचून बाजेवर पडून राहू नये.

घड्याळ घ्यायची गरज नाही. आमचं मोजमाप पांदणीवर आहे, पहिला पूल, मंग विहीर, मंग मोठ्या चिंचेपर्यंत.

उन्हाळ्यात तं बाहेर निघवत नाही, ४५ डिग्री! तेव्हा सगळं सुटते.

सुटूच द्या थोडं. उन्हाळ्याला आम्ही 'राखण' म्हणतो, वाढवायचं नाही, आहे ते राखायचं.

मार्च निघाला की निघायची वेळ पहाटे साडेचार-पाच, अन् उन्हं अंगावर यायच्या आत घरात. नवतप्यात, म्हणजे २५ मेपासूनचे नऊ दिवस, आम्ही बाहेरचं बंदच ठेवतो, घरातल्या घरात चाळीस बैठका, वीस जोर, चार-सहा सूर्यनमस्कार, झालं. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं देशातल्या तापमानाच्या यादीत वर येतात तेव्हा टीव्हीवर पाहून आपल्याला उगाच अभिमान वाटते, पण उष्माघात अभिमान पाहत नाही. चालता चालता मळमळ झाली, डोकं ठणकलं, बोलणं अडखळलं की सावली, थंड पाणी अंगावर अन् लगेच दवाखाना. घरी ओआरएसचं पाकीट नसन तं एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा. घाम आणायला स्वेटर किंवा प्लास्टिकचं जॅकेट घालून पळणारा एक महाभाग आमच्याकडेही होता. उन्हाळ्यात. स्वेटर. त्यानं जे कमी होते ते पाणी असते, दोन तांबे पिले की वजन वापस.

अन् पावसाळ्यात?

काळ्या मातीत पावसाळ्यात पांदणीनं चालून दाखवा, बक्षीस देतो. एका एका बुटाला दोन किलो चिखल. डांबरी रस्ता पकडा नाहीतं शाळेचा व्हरांडा. अंधारात टॉर्च पाहिजेच, बूटच पाहिजे, सापाचे दिवस असतात. फवारणी चालू असलेल्या वावराच्या बाजूनं जोरजोरात श्वास घेत पळू नका, २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले, ते विसरायसारखं नाही. आमच्यातल्या दोघांनी तं पावसाळ्यापुरता बैठकांचाच नियम ठेवला आहे, दळण आणायला गेलं की चक्कीवर नंबर लागेपर्यंत तिथंच बैठका. लोक आता पाहतही नाहीत.

सोयाबीन-कापसाच्या सीझनमध्ये मरायला टाइम नसते, तेव्हा काय?

तेव्हा दहा मिनिटं. मी सिरियस आहे. दिवाळीच्या आगंमागं सोयाबीन काढणं, विकणं, चण्याची पेरणी, कापसाचा पहिला वेचा सगळं अंगावर येते, माझ्या दुकानात तं बोलायला सवड नसते. पहिल्या वर्षी मी या दिवसांत पूर्ण बंद केलं अन् वापस सुरू करायला फेब्रुवारी उजाडला, चार महिने गेले. दुसऱ्या वर्षी मी फक्त बूट घालून पहिल्या पुलापर्यंत जाऊन येत होतो, व्यायाम म्हणून त्याला काही अर्थ नव्हता पण डिसेंबरात पुन्हा लांब जायला त्रास झाला नाही. शहरात लिहिलेले सगळे प्लॅन बाराही महिने सारखे असतात, त्यांना ऑक्टोबर माहीतच नाही. आपल्याला तीन प्लॅन पाहिजेत, वाढायचा, राखायचा अन् जीव धरून ठेवायचा.

खाडा पडला की मन लागत नाही, वाटते आता काय, गेलंच सगळं.

एक खाडा माफ. सलग दोन नाही. हा नियम आमच्या ग्रुपचा, याच्यामागं शास्त्र वगैरे विचारू नका.

आमच्यापैकी एक जण कालनिर्णयवर रोज टिकमार्क करते, गॅस सिलिंडरची अन् दुधाची नोंद असते तिथंच. महिन्याच्या शेवटी तो रिकाम्या चौकोनांपेक्षा टिका मोजते. २० निघाल्या की तो खुश. मी असा हिशोब करायचो की ३० पैकी १० बुडाले, अन् नाराज व्हायचो, पण आमचं दोघांचं चालणं सारखंच होतं.

महिना झाला, वजन काट्यावर हलतच नाही!

कोणत्या काट्यावर मोजता? धान्याच्या, ना? मीपण तिथंच मोजायचो, अडत्याच्या काट्यावर, अन् लोक भाव विचारायचे.

वजन एकाच दिवसात किलो-दोन किलो इकडं तिकडं होते, मीठ, पाणी, पोट साफ न होणं. त्यामुळे आठवड्यातून एकच दिवस, सकाळी, उपाशीपोटी. दुसरं म्हणजे एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ ७७०० कॅलरी, अन् एक किलोमीटर चालण्यात साधारण वजनाच्या माणसाच्या पन्नास-साठ जातात. करा हिशोब. नुसतं चालून महिन्यात पाच किलो उतरवणारा माणूस एकतर खोटं बोलते नाहीतं आजारी आहे.

कमर मोजा, शिंप्याचा टेप भेटते. आपल्याकडे पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत अन् बायांनी ८० च्या आत असावं असं धरतात. माझं वजन पहिले तीन महिने एका किलोनं हललं पण पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं, चांभारानं पैसे नाही घेतले. शुगरवाल्यांनी तीन महिन्यांनी एचबीएवनसी करून पाहावी, ती मागच्या अडीच-तीन महिन्यांची सरासरी सांगते, रोजच्या चढउतारात जीव अडकत नाही.

खाण्याचं काय? पनीर, ओट्स इथं कुठं भेटते?

नाही भेटत तेच बरं आहे. आपण वावरात तूर पिकवतो, सोयाबीन पिकवतो, चणा पिकवतो, अन् ताटातलं वरण इतकं पातळ की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं मोठ्या माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत २२ च्या आसपास, एका अंड्यात ६, अन् सोयाबीन वडी १०० ग्रॅम घेतली तं ५० च्या वर. ज्वारीची भाकर, घट्ट वरण, मूठभर फुटाणे, शेंगदाणे, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, ताक. बस. कोणतीच गोष्ट 'बंद' करू नका, आमच्यात ज्यानं ज्यानं भात बंद केला तो तो महिन्याभरात पंगतीत तीन वेळा भात घेताना दिसला.

पंगतीचं म्हणाल तं लग्नसराईत आपलं काही चालत नाही. पोळ्याला पुरणपोळी खायचीच. तेराव्याला कोणी आग्रह केला तं नाही म्हणता येत नाही. पण स्टँडवरचा रोजचा आलुबोंडा हा सण नाही.

खर्रा खाऊन व्यायाम चालते का?

खर्रा खाऊन काहीच चालत नाही. तंबाखूनं नाडी वाढते, बीपी वाढते, अन् तुम्ही त्यावर पळता. मी सोडायला दीड वर्ष घेतलं, चालण्यानं एवढी मदत झाली की पहाटेचा पहिला खर्रा सुटला. बाकीचे नंतर. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवायचा सल्ला फुकट भेटते.

पावडर घ्यावी का? जिममधला पोट्टा एक इंजेक्शनपण सांगत होता.

पावडर म्हणजे दुधाचंच प्रोटीन, विष नाही पण गरजही नाही, अन् नकली माल लय आहे. इंजेक्शन सांगणाऱ्यापासून लांब पळा, तेवढाच व्यायाम.

पोलीस भरतीची तयारी करून राहिलो, दोन वेळा निवड हुकली. आता मैदानावर जायचं मनच होत नाही.

हा प्रश्न पोट्टे एकटे असताना विचारतात, दुकान बंद करायच्या टायमाला. म्हणून जरा थांबून.

मैदानी चाचणी ५० मार्कांची. पोरांना १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, पोरींना १६०० च्या जागी ८०० मीटर. आपले पोट्टे काय करतात, रोज १६०० जीव तोडून पळतात, रोज मोबाईलवर टाइम लावतात, अन् रोजचा टाइम हाच रोजचा मूड. दोन सेकंद जास्त लागले की दिवस खराब. त्यात डांबरी रस्ता अन् घासलेले बूट, दोन महिन्यांत नडगी धरते. जुन्या धावपटूंना विचारा, बहुतेक दिवस हळू अन् लांब पळायचं असते, बोलता येईल इतकं हळू, अन् आठवड्यातून एक-दोन दिवसच जोरात. टाइम पंधरा दिवसांतून एकदा लावा. गोळ्याकडे कोणी पाहत नाही, तिथं १५ मार्क आहेत, पोरांचा ७.२६० किलोचा अन् पोरींचा ४ किलोचा, तंत्र शिकलं तं महिन्याभरात फरक दिसते.

पण खरं दुखणं वेगळं आहे ना? जाहिरात कधी येईल पत्ता नाही, वय वाढून राहिलं, घरचे बोलत नाहीत पण पाहतात. यावर मी ज्ञान देणार नाही. एवढंच सांगतो की आमच्या ग्रुपमध्ये दोन पोट्टे आहेत ज्यांचं भरतीचं वय निघून गेलं. एक आता शाळेतल्या पोरांना पळायला शिकवते. दुसरा वर्षभर घराबाहेर पडला नव्हता, मंग एक दिवस आमच्यासोबत आला अन् म्हणला, 'काका, आज कोणाचा टाइम लावायचा नाही नं?' नाही म्हटलं. तेव्हापासून येते. मन फारच खाली गेलं असन, झोप-जेवण सुटलं असन तं टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, लावा.

डॉक्टरला विचारायची गरज आहे का?

चाळिशी ओलांडली, बीपी-शुगर आहे, घरात कोणाला हार्टचा त्रास झाला, तं सुरू करायच्या आधी एकदा दाखवा. चालताना छाती दाबल्यासारखी वाटणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणं, याला गॅस समजून सोडा पिऊ नका.

अन् हे आपल्या विदर्भासाठी खास. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर इकडं सिकलसेल, म्हणजे मायबापाकडून येणारा रक्ताचा आजार, लय आहे. सिकलसेलचा आजार असलेल्यानं उन्हात, तहानलेलं राहून, दम तुटेपर्यंत पळणं धोक्याचं असते. नुसता वाहक असला तरी भरतीच्या जोशात एकदम जोर लावू नये, हळूहळू वाढवावं, पाणी पीत राहावं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, पळायच्या आधी करून घ्या.

स्नायू दुखणं वेगळं. बैठका मारल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखते, जिना उतरताना माय आठवते, ते चार दिवसांत जाते.

सोबती निघून गेला, एकट्यानं होत नाही.

चुलतभाऊ मागच्या वर्षी पुण्याला पोराकडे गेला, तेव्हा माझंही असंच झालं. आठ दिवस नुसता भोंगा ऐकून पडून राहायचो. मंग एक केलं, समोरच्या मास्तरला म्हटलं, गुरुजी, तुमचं शुगर वाढलं ना, उद्या पाचला कडी वाजवतो. आता दुसऱ्याला उठवायचं म्हणजे आपल्याला आधी उठावं लागते. कडी वाजवणारा भेटत नसन तं आपण कडी वाजवणारे व्हायचं.

शेगावला पायी जाणारे पहा ना, एकटा माणूस घरून स्टँडवर जायला ऑटो पाहते अन् तोच माणूस दिंडीत अकोल्याहून चाळीसेक किलोमीटर गण गण गणात बोते करत जाते.

तुम्ही स्वतः रोज जाता का, खरं सांगा?

नाही. मागच्या आठवड्यात चार दिवस गेलो. एक दिवस पाऊस होता, एक दिवस साडूकडे वास्तुशांती, अन् एक दिवस काहीच कारण नव्हतं, झोपलो. मास्तरनं तेव्हा माझीच कडी वाजवली. मायनं आतून आवाज दिला, 'वाजवा गुरुजी, अजून जोरात वाजवा.'